तपासनिसाची परीक्षा

बावीस वर्षं तो लोखंडाला लोखंड जोडत आला होता, पण पुस्तकाशी त्याचं कधी जुळलं नव्हतं. टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तो वेल्डर. हाताला अशी सफाई, की अवघड जोड आला की फोरमन विचार न करता त्याच्याकडे धाडायचा. पण आता धूर छातीत बसायला लागला होता. वेल्डिंग तपासनिसाची परीक्षा पास झालं, तर उरलेली वर्षं तरी मोकळ्या हवेत निघतील, म्हणून त्यानं फॉर्म भरला.

पहिल्या खेपेला तो लेखी पेपरात आपटला. दुसऱ्या खेपेला तीन गुणांनी गेला. नियमांचं पुस्तक उशीएवढं जाड. जे काम डोळे मिटून करता यायचं, त्याचीच व्याख्या पाठ करताना घोडं पेंड खायचं.

त्यात शेडमधल्या मंडळींनी त्याला वाळीतच टाकलं. तपासनीस म्हणजे आपल्या कामात खोट काढणारा. असा माणूस डब्याला शेजारी कुणाला हवा? ज्यांनी त्याला पोरवयात रॉड धरायला शिकवलं, ते उस्तादसुद्धा एकदा म्हणाले, "उद्या माझ्याच कामावर खडूनं फुली मारशील." सगळे हसले. तोही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन गोदामामागे बसायला लागला.

घरी तरी कोण होतं? बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीवर यायचं, पुस्तक उघडायचं आणि त्याच पानावर तासभर बसायचं. जेवण जाईना. तिसऱ्या परीक्षेला दोन महिने उरले असताना एका रविवारी दुपारी छाती अशी धडधडायला लागली, की आपलं आता काही खरं नाही असं वाटून तो चालतच दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत होतं. मग त्यांनी विचारलं, काल दिवसभरात कुणाकुणाशी बोललात? त्यानं आठवून पाहिलं. फोरमनला दोनदा 'हो' म्हटलं होतं. दुकानदाराला 'पिशवी नको' म्हटलं होतं. पुढे आठवेना.

"अभ्यास सोडू नका," बाई म्हणाल्या. "पण एकट्यानं करू नका."

बाहेर बसथांब्याच्या बाकावर बसून त्यानं ताईला फोन लावला. थोरली बहीण, दूरच्या शहरात शिवणकाम करायची. एरवी महिन्याकाठी एखादा फोन, तोही 'बरं आहे ना'पुरता. आधी त्यानं नेहमीसारखं बरं आहे म्हणून सांगितलं आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. ताई रागावली नाही. रोज संध्याकाळी मला धडा म्हणून दाखव, म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला कळेल असं सांग. मला कळलं की तुला आलं म्हणायचं."

तेव्हापासून रोज सातला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून तो बोलायचा. पलीकडे मशीन चालू असायचं. ताई भलतंच विचारायची. जोड वरून इतका गुळगुळीत, मग आत बुडबुडा राहिलाय हे कळतं कसं? पुस्तक न बघता त्यानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. काही संध्याकाळी एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. तेव्हा ताई स्वतःच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगायची आणि तो नुसता ऐकायचा. छाती अजूनही धडधडायची. पण आता दवाखान्याकडे पळण्याऐवजी तो जिना उतरून चौकाला एक फेरी मारून यायचा. शेडमध्ये मात्र अजून कुणी बोलत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तो पास झाला. फोरमननं हात मिळवला, बाकीच्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

नव्या कामाच्या चौथ्याच दिवशी उस्तादांचा जोड समोर आला. बॅटरी धरून त्यानं तीनदा पाहिलं. कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती. सोडून दिली असती, तर वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता. पण पुढे त्या टाकीत वाफ कोंडायची होती, आणि तिच्याशेजारी माणसं उभी राहायची होती. त्यानं खडूनं फुली मारली.

उस्ताद आले, वाकून बघितलं.

"दिसलं तुला?"

"दिसलं, उस्ताद."

त्यांनी ग्राइंडर उचलला आणि जोड घासून काढला. मग नव्यानं जोडून पुन्हा तपासायला दिला.

संध्याकाळी त्यानं ताईला सांगितलं. तिनं दुसऱ्यांदा जोड कसा जमला ते विचारलं. पहिल्यापेक्षा सरस, तो म्हणाला. मग हे त्यांना सांगितलंस का, असं ताईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तो मुद्दाम उस्तादांपाशी गेला.

"उस्ताद, कालचा जोड एक नंबर होता."

"माहितीये मला," उस्ताद म्हणाले आणि जेवत राहिले.

मग तपासनिसाच्या आपल्या टेबलाशी जाऊन त्यानं डबा उघडला. टेबलाला तो एकटाच होता. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच उस्ताद डब्याच्या वेळी, सगळ्यांदेखत त्याच्याशी बोलले होते, आणि त्या दिवशी डबा त्यानं पुरता संपवला.