दोघींची न्हाणी

गोदूने लादी गोणपाटात गुंडाळली, उंबऱ्यावर ठेवली आणि वरून वरवंटा हाणला. गोणपाट उलगडलं तर लादीचे लहानमोठे तुकडे झाले होते, आणि त्यात एक नेमका कोयरीच्या आकाराचा निघाला होता. तिने तो उचलून उजेडात धरला.

"हा मोराच्या पोटाला," ती म्हणाली.

आत न्हाणीत माधवी काथ्याने मोरी घासत होती. शेवाळाचं हिरवं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"मोर कसला, बदक दिसतंय ते," ती न वळताच म्हणाली.

"दिसू दे. न्हाणीत मोरापरीस बदकच बरं."

दोघी हसल्या. अरुंद जागेत ते हसू भिंतींवर आपटून मोठं झालं.

टेमघरला लडकू पाटलाच्या चाळीत शेवटच्या दोन खोल्या या दोघींच्या. गोदूचा नवरा अनंता लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, माधवीचा प्रभाकर शाळेत कारकून. मागच्या अंगणात, माधवीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून एक न्हाणी होती, आणि ती दोन्ही बिऱ्हाडांत मिळून होती. दोन्ही संसार एकाच वर्षी इथे आले, तेव्हापासून न्हाणीची वहिवाट कधी वाटून घ्यावी लागली नाही. बंब माधवीचा, लाकूडफाटा गोदूचा. पहाटे आधी उठेल ती बंब पेटवायची आणि दुसरीच्या दारावर थाप मारायची. पाठ चोळून द्यायला, डोळ्यात शिकेकाई गेली तर तांब्या हातात द्यायला हाक मारली की दुसरी हजर.

न्हाणी मात्र बघवत नव्हती. गिलावा सुटलेला, भिंतींना ओल, मोरीच्या तोंडाशी हटकून एखादी गोम. दाराची एक फळी कुजलेली, म्हणून त्यावर पोतं ठोकलेलं. लडकूला सांगून सांगून दोघी थकल्या होत्या. तो 'बघू' म्हणायचा, आणि त्याच्या 'बघू'तून खिळासुद्धा निघायचा नाही.

लाद्यांची कल्पना गोदूची. लूमसाठी घरी सूत भरलेल्या कांड्या पोचवायला ती एका कारखानदाराकडे गेली होती. त्याचा नवा बंगला होत आला होता आणि मागे फुटक्या लाद्यांचा ढीग पडला होता. पांढऱ्या, निळ्या, काही पिवळ्या. गोदू ढिगापाशी रेंगाळली तसा पहारेकरी म्हणाला, "ले जाओ भाभी, कचरा है." तिने ओटीत मावतील तेवढे तुकडे आणून माधवीच्या ओट्यावर ओतले. माधवी ते पाण्याने धुऊन एकेक पुसत बसली आणि मग म्हणाली, "आपण आपली न्हाणी सजवू या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माधवीनेही डोक्यावर घमेलं घेतलं. कारकुनाची बायको, पदर घट्ट लपेटून, रस्त्याने कचऱ्यातल्या लाद्या वाहून आणते आहे हे चाळीतल्या सगळ्यांनी पाहिलं. गोदूला त्या दिवशी तिचं फार कौतुक वाटलं होतं.

मग दुपारी, पुरुष कामावर आणि मुलं शाळेत गेली की दोघी न्हाणीत शिरायच्या. अनंताने लूमच्या शेडमधून डाग पडलेल्या कापडाचा एक तुकडा आणला, त्याचा पडदा झाला. चुन्यात थोडी नीळ कालवली तर भिंतींना पहाटेच्या आभाळासारखा रंग आला. छपरातलं एक कौल काढून तिथे माधवीने काचेचं कौल बसवून घेतलं, तसा मोरीपर्यंत उजेड उतरला. अडलं ते फक्त सिमेंटपाशी. तेव्हा सिमेंट परमिटशिवाय मिळत नसे. पण माधवी लडकूकडे गेली आणि डबाभर सिमेंट घेऊन आली. खिळा न देणारा माणूस सिमेंट देतो, याचं गोदूला नवल वाटलं.

"काय जादू केलीस गं?" तिने विचारलं होतं.

"गोठ्याचं उरलं होतं म्हणे," माधवी म्हणाली होती आणि सिमेंट चाळायला बसली होती.

आता समोरच्या भिंतीवर मोर उभा राहत होता. निळी मान, पांढऱ्या-निळ्या तुकड्यांचा पिसारा, पिवळी चोच. दारालगतच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत तुकड्यांची पट्टी फिरली होती. फक्त डाव्या हाताची, माधवीच्या स्वयंपाकघराकडची भिंत तेवढी चुन्याची राहिली होती.

"दाराला कडी पायजे," हात धूत गोदू म्हणाली. "एवढा मोर केला आन् दार दोरीनं बांधायचं? मी जाते लडकूदादाकडं. मला पन देतो का बघू."

माधवीने काथ्या खाली ठेवला. "राहू दे ना. यांना सांगते मी, बाजारातून आणतील."

"त्यात काय, ही गेले आन् आले."

लडकू ओटीवर बसून विळ्याला नवी मूठ बसवत होता. शेतं पिवळी पडायला लागली होती. त्याची बायको धोंडूबाई आत सुपात तांदूळ निवडत होती.

"लडकूदादा, न्हानीच्या दाराला कडी असली तर पायजे होती. जुनी बी चालंल."

"कंच्या दाराला?" लडकूने मूठ ठोकता ठोकता विचारलं.

"न्हानीच्या."

"त्याला कडी कशाला? ते दार तर इटांनी चिनायचं हाय."

गोदूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "चिनायचं?"

"मंग? दार आता मास्तरच्या चुलीकडनं निघनार. भिंत फोडून." प्रभाकर कारकून असला तरी लडकू त्याला मास्तरच म्हणायचा. "दिवाळीला मास्तरची आई येनार हाय कायमची. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलंय. तिला अंगनातनं कशी नेनार, म्हनून न्हानी आत घ्यायची. मास्तर गनपतीच्या आदीच बोलून गेला. भाडं वाढवून देतो म्हनला, म्हनून तर शिमिट दिला मी." तो थांबला. विळा मांडीवर ठेवून त्याने वर पाहिलं. "मास्तरीन बोलली न्हाय तुला?"

सुपाचा आवाज थांबला होता. धोंडूबाई दाराआडून बघत होती.

गणपती जाऊन महिना होत आला होता. पहिला तुकडा लागला तो गौरी-गणपती बोळवल्यानंतर.

"बोलली होती," गोदू म्हणाली. "माझ्याच ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

"तुला हिरीजवळ कूड घालून देतो," लडकू पुन्हा विळ्याकडे वळला. "धोंडा बी टाकतो चांगला, बसायला."

"बरं," गोदू म्हणाली.

आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाच कळेना. परतताना ती वाटेतल्या चिंचेपाशी थांबली. धोंडूबाईच्या नजरेत कीव होती, आणि ती कीव तिला लडकूच्या शब्दांपेक्षा जास्त लागली होती. मग एकेक गोष्ट आपापल्या जागी बसायला लागली. सिमेंट. काचेचं कौल बसवायला माधवीने लावलेली घाई. आणि ती चुन्याची भिंत. त्या भिंतीला गोदूने दोनदा हात घातला होता आणि दोन्ही वेळा माधवीने दुसरंच काही काम काढलं होतं.

ती अंगणात शिरली तेवढ्यात वीज गेली. आसपासच्या शेडमधले लूम एकदम थांबले आणि सगळीकडे सामसूम झाली. त्या शांततेत न्हाणीतून माधवीचं गुणगुणणं ऐकू आलं.

"मिळाली का गं कडी?" पावलांची चाहूल लागून माधवीने आतून विचारलं.

"उद्या बघतो म्हनला."

गोदू दाराशी उभी राहिली. मोराच्या शेपटीवर काचेच्या कौलातून उजेडाचा चौकोन पडला होता. माधवी ओल्या फडक्याने एकेक तुकडा पुसत होती, आणि मन लावून पुसत होती. तिच्या हनुवटीला सिमेंट लागलं होतं. एरवी गोदूने ते पदराने पुसलं असतं.

"तेवढी एक भिंत राह्यली," गोदू म्हणाली. "तुकडे हायत पुष्कळ. तिथं पन लावून टाकू."

माधवीचा हात थांबला.

"नको गं. तिथं नुसता चुनाच बरा दिसतो."

"का?"

"सगळीकडे नक्षी झाली की डोळ्यांना दुखतं."

गोदूने वाट पाहिली. फडकं बादलीत बुडालं, पिळलं गेलं, पुन्हा भिंतीवर आलं. माधवीने मान वर केली नाही. एक शब्द बोलायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ गोदूने तिला दिला. मग लूम पुन्हा खटखटायला लागले आणि ती आपल्या खोलीकडे वळली.

संध्याकाळी अनंता जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. भाकरी मोडता मोडता तो ऐकत राहिला. मग त्याने ताट सरकवलं आणि कोपऱ्यातली पहार घेतली.

"ठेवा ती," गोदू म्हणाली.

"एक तुकडा ठेवनार न्हाय भिंतीवर. तुझी मेहनत हाय ती."

"तोडलं तर तेवढंच दिसंल. गोदूनं मोर फोडला, असंच बोलतील सगळी. तिनं काय केलं ते कोन बघनार हाय?"

अनंता पहार हातात धरून उभा राहिला. "आपला बी हक्क हाय त्या न्हानीवर. मी बोलतो लडकूशी."

"लडकूला भाडं वाढवून मिळतंय. तुम्ही देनार वाढवून?"

त्याने पहार भिंतीला टेकवली. परत ताटावर बसला, पण त्याने घास घेतला नाही. त्याने विचारलं, "तिनं तोंड उघडून मागितली असती, तर दिली असतीस?"

गोदूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिला खरं उत्तर द्यायचं होतं.

"न्हाय. भांडले असते," ती म्हणाली. "चांगली भांडले असते. म्हातारीचं ऐकून मंग कदाचित दिली बी असती. पन भांडायला तरी मिळालं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीत गेली नाही. दारात चरखा मांडून कांड्या भरत बसली. मागे माधवीने दोनदा बादली वाजवली. मग ती स्वतःच आली, तुकड्यांची टोपली कडेवर घेऊन.

"आज येत नाहीस? ऊन कललं की आत दिसत नाही. मोराचे पाय राहिलेत."

"कांड्या द्यायच्या हायत."

"मग उद्या?"

"उद्या बी कांड्याच."

माधवी उभी राहिली. चरख्याचं चाक फिरत होतं, दोरा कांडीवर चढत होता. माधवी टोपलीतले तुकडे उगाच खालीवर करायला लागली.

"लडकूदादांनी काही सांगितलं का?"

"सांगितलं."

माधवी उंबऱ्यावर बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते खोटे नव्हते, हे गोदूला कळत होतं. त्याने आणखीच त्रास होत होता.

"मी सांगणारच होते गं," माधवी म्हणाली. "रोज दुपारी येताना ठरवायचे. यांनी परस्पर बोलून टाकलं. सासूबाईंना धरून उठवावं लागतं, बसवावं लागतं. मी तरी काय करू? आणि तू इतकी रमली होतीस... मला धीरच झाला नाही."

गोदूने दोरा बोटावरून सोडला.

"सासूबाई आल्या तरी तू येत जा," माधवी पुढे म्हणाली. "आमच्या घरातून ये. त्यांचं सोवळं, पूजा आटोपली की. मी सांगून ठेवीन त्यांना."

दोरा तुटला. गोदूने दोन्ही टोकं शोधली, चिमटीत धरून गाठ मारली, दाताने उरलेला दोरा तोडला.

"असं गप्प नको ना बसू," माधवी म्हणाली. "मोर तरी पुरा कर. तुझ्या हातचा आहे तो. पाय मला नाही जमायचे."

चरखा थांबला. गोदूने हात पुढे करून टोपली घेतली. तुकडे चाळत राहिली. काही बाजूला काढले, परत टाकले. शेवटी दोन पिवळे, लांबट तुकडे निवडले आणि माधवीच्या तळहातावर ठेवले.

"हे लावा पायाला," ती म्हणाली. "पाठीमागनं सिमेंट लावायचं आन् घट्ट दाबून धरायचं, सुकंस्तोवर. जमंल तुम्हाला."

माधवीने तुकड्यांवरून नजर उचलली. ते 'तुम्हाला' आपण चुकीचं ऐकलं की काय, असं ती गोदूच्या तोंडाकडे बघत राहिली. गोदूने टोपली तिच्याकडे सरकवली आणि पुन्हा चरख्याच्या मुठीला हात घातला. चाक फिरायला लागलं.

"गोदू," माधवी म्हणाली.

"जरा बाजूला व्हा," गोदू म्हणाली. "उजेड अडतोय."