आभाळ वाजलं तेव्हा चांगुणा

चांगुणाने तांबी बसवली हे तिला, तिच्या नवऱ्याला आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक. मी तिची थोरली जाऊ, दवाखान्यात मीच नेलेलं. दुसऱ्या बाळंतपणात बाई मरतामरता वाचली. गोळ्यांनी मळमळायचं, आणि ऑपरेशनचं नाव सासूबाई काढू देईनात, दोन्ही पोरीच ना! सिस्टर म्हणाली, तांबी बसवा, गोळीची कटकट नको.

माघात हट्टा गावच्या रानात हळद काढत होतो, तर अवकाळी आभाळ कडाडलं. पळत रानातल्या कोपीत, गवताच्या खोपटात, शिरलो. सासूबाई ओरडल्या, "खुरपे बाहेर फेका! तांब्याची घागर लांब ठेवा, तांब्यावर वीज आधी येती!"

चांगुणाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, माझं काय करू?"

मला तरी काय ठाऊक! सिस्टरने दुखण्याचं सांगितलं, पाळीचं सांगितलं. विजेचं कुठं सांगितलं होतं?

तिनं धाकट्या लेकीला माझ्या मांडीवर दिलं आणि बाहेर बांधावर जाऊन बसली.

"ती काहून बसून राहिली तिकडं?" सासूबाई.

"उकडून राहिलं असंल."

"गारा पडून राहिल्या अन् उकडतंय?"

तेवढ्यात लख्खकन झालं. चांगुणा तिकडून रडतच ओरडली, "उद्याच काढून येते! माझ्यापायी लेकरायला काई नको!"

"काय काढून येती?" सासूबाईंनी मला धरलं. मग सांगावंच लागलं.

आता शिव्या, असं मला वाटलं. त्यांनी डोक्यावर पोतं घेतलं आणि बांधावर तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मीही पोरीला पदरात घेऊन दाराशी कान लावला.

"तुझ्या वैजनाथाच्या पाठीवर मीबी बसवली व्हती. सासऱ्याला पत्ता न्हाई."

"मग विजेचं, आत्याबाई?"

"मला काय ठावं? माझी प्लास्टिकची व्हती."

"मग तुमी तरी आत जावा."

"गप. बाळंतपणात तुझे गार पडलेले पाय म्याच चोळले व्हते. काढायची न्हाई. पडली तर दोघीवर पडंल."

वीज पडली नाही, वसमतकडे गेली. पुढच्या बाजाराला सिस्टरला विचारलं, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, विजेचा अन् तांबीचा काही संबंध नाही.

सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. आभाळ वाजलं की खुरपे बाहेर फेकतात, घागर बाहेर ठेवतात आणि चांगुणाला मात्र हाताला धरून कोपीत आणतात, आपल्याला चिकटून बसवतात.