बरण्यांतले बटाटे

नऊ बरण्या. एकूण एक बरणीला बुरशी!

आधीच सांगते, मध्ये बोलू नका. खुब्याचं ऑपरेशन आणि मग व्यायामाचं केंद्र, असे तीन आठवडे मी घराबाहेर होते. काल सकाळी परतले, कोटसुद्धा न काढता कुबड्या टेकत थेट जिन्याखालच्या कपाटाशी गेले. पहिल्या बरणीची खिटी उघडली आणि ओल्या मोज्यांचा भपकारा आला. आत, गांज्याच्या फुलांवर, बटाट्याची फोड! फोडीवर राखाडी लव, फुलांवर पांढरी जाळी. दुसरीत तेच. तिसरीत तेच.

आमचा गांजा चैनीचा नाही. माझ्या नवऱ्याला, हार्कोला, बारा वर्षं झाली नसांचा आजार आहे. संध्याकाळ झाली की पाय लाकडासारखे ताठतात आणि असे पेटके येतात की तो उशी चावतो. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर पेंगतो. शहरातल्या कॉफीशॉपांत गांजा राजरोस विकतात, तिथला माल आणून पाहिला, त्याने नुसती छातीत धडधड. चालतो तो फक्त आमच्या काचघरातल्या पाच झाडांचा. पीक वर्षातून एकदा, ऑक्टोबरात. ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पुरवायचं.

म्हणून मी जीवापाड जपते. फांद्या माळ्यावर उलट्या टांगून दहा दिवस वाळवायच्या, काडी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. मग शेंगा टिकवायच्या काचेच्या बरण्यांत पाऊण भाग भरायचं, गार अंधारात ठेवायचं आणि पहिला महिना रोज झाकण उघडून वारा द्यायचा. फ्रिजवर चिठ्ठी लावून गेले होते: ‘रोज दहा मिनिटं झाकणं उघडा. बाकी कशाला हात लावू नका.’ यात न कळण्यासारखं काय आहे हो?

माझा धाकटा दीर वुब्बो हार्कोजवळ राहायला आला होता. त्याचा जन्म बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात गेला. तो स्वयंपाकघरात सिगरेट वळत बसला होता. समोर तंबाखूची उघडी पुडी, आणि पुडीत, बघा, बटाट्याची साल! तंबाखू कोरडी पडू नये म्हणून आमच्याकडचे जुने लोक ठेवतातच. मग विचारायचं काय राहिलं?

मी बरणी त्याच्यापुढे आपटली. “भावोजी, हे काय आहे?”

“बटाटा,” तो म्हणाला.

“तो मलाही दिसतोय! आत कसा गेला?”

“कोरडं पडलं होतं वहिनी. हाताला चुरा लागत होता.”

“कोरडंच हवं असतं! झिजलेल्या खुब्याने दहा दिवस माळ्याची शिडी चढले, ती काय गंमत म्हणून? चिठ्ठी वाचता येत नाही का तुम्हाला?”

“वरवरची बुरशी काढून टाकली तर…”

“आणि उरलेली त्याच्या फुप्फुसात घालू? पाय गेले, आता छातीही जाऊ दे, असंच ना? आणि फोडी तरी कसल्या या! एक जाड, एक कागदासारखी, एकीला निम्मी साल. चाळीस वर्षं बटाट्यात काढलीत! पिऊन चिरलेत की काय?”

वुब्बोने पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिथे खिडकीशी हार्को चाकाच्या खुर्चीत बसला होता.

“हो,” वुब्बो म्हणाला. “घेतली होती थोडी.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “चालते व्हा!” म्हटलं. “परत या घरात पाऊल टाकू नका.” तो उठला, पुडी खिशात घातली आणि सायकल काढून कालव्याकाठाने निघून गेला. त्याची कॉफी तशीच राहिली.

नऊच्या नऊ बरण्या मी अंगणातल्या पिंपात ओतून जाळल्या. बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्या. दुपार गेली तरी माझं तोंड चालूच होतं. हार्को पुढच्या खोलीतून ऐकत होता.

चारच्या सुमाराला मी बटाटे सोलत होते. हार्को खुर्ची ढकलत आत आला.

“दे, मी चिरतो.”

“राहू दे. बोट कापून घेशील.”

बारा वर्षं मी हेच म्हणत आलेय. त्याने ऐकलं नाही, सुरी ओढून घेतली. एका हाताची थरथर दुसऱ्याने दाबत चिरायला लागला. एक फोड जाड पडली. एक कागदासारखी. तिसरीला मी सोलताना राहिलेली साल तशीच.

मी त्या फोडींकडे बघत राहिले.

“तू?”

“मीच,” तो म्हणाला. “मीही वीस वर्षं तंबाखू ओढलीय. वाटलं, परत येशील तेव्हा घरातलं एक काम तरी मी केलेलं दिसेल.”

“आणि सकाळपासून मूग गिळून बसलास? भाऊ शिव्या खात होता तुझा!”

“तू मला मध्ये बोलायला कधी दिलंयस, फेन्ना?”

मी फोन उचलला. वुब्बोने पहिल्याच घंटीला घेतला.

“खोटं का बोललात?” मी ओरडलेच. “शेजारी बसून बघत होतात ना? अडवता आलं नाही?”

“शीळ घालत होता तो, वहिनी,” वुब्बो म्हणाला. “नऊ बरण्या, दीड तास. फोड चिरायची, टाकायची आणि शीळ. आई गेल्यापासून त्याची शीळ ऐकली नव्हती मी. थांब म्हणून कसं सांगायचं होतं?”

राग होताच, पण आता तो माझ्याच अंगावर येत होता. बारा वर्षं मी या माणसाच्या हातातून सुरी काढून घेत होते.

थंडीचे दिवस, बाहेर एवढ्यातच अंधारायला लागलं होतं. टेबलाखाली हार्कोच्या टाचा खुर्चीच्या पायटेकावर आपटायला लागल्या. आधी हळू, मग जोरात. त्याने सुरी खाली ठेवली आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. ओट्यावर नऊ बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

“भावोजी, लवकर या,” मी फोनवर म्हटलं. “मला एकटीला त्याचे पाय धरवत नाहीत.”