टोचणी मोठी झाली

"ते सारखं विचारत होतं, म्हणून मी 'हो' दाबलं," बायको म्हणाली आणि पुन्हा मटार सोलू लागली.

फवारे नुकतेच न्हाणीघरातून बाहेर आले होते. कमरेला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. टेबलावर ते तळहाताएवढं खेळाचं यंत्र चार्जिंगला लावलेलं होतं आणि त्याच्या पडद्यावर, अकरा वर्षांत कधी दिसलं नव्हतं, ते दिसत होतं. टोचणीला, म्हणजे खेळातल्या त्यांच्या अळीला, पंख फुटले होते. चांगले चार.

"काय विचारत होतं?"

"टोचणी मोठी होऊ पाहते आहे, होऊ द्यायची का? असं. टुंग टुंग वाजवून. तुम्हीच तर पाणी वाहून चाललंय म्हटल्यावर ते तसंच टाकून पळालात."

"आणि तू हो म्हणालीस."

"मग काय नाही म्हणू? मोठं व्हायचं म्हणतंय बिचारं."

फवाऱ्यांना मटकन खाली बसावंसं वाटलं. पण अंगावर टॉवेल होता, म्हणून ते आधी कपडे घालायला गेले.

फवारे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारणाऱ्या कंपनीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. पाठीवरच्या फवाऱ्याबरोबर ते नावही कधी तरी अंगाला चिकटलं आणि मग औषधाच्या वासासारखं दोन दोन आंघोळी करूनही गेलं नाही. या धंद्यात खरं काम अर्ध्या तासाचं. औषध मारलं की घर दोन तास बंद ठेवायचं, मग खिडक्या उघडायच्या, मेलेले किडे झाडायचे आणि सही घेऊन निघायचं. ते मधले दोन तास घरवाले नातेवाइकांकडे जातात आणि फवारणीवाला जिन्यात बसतो. फवाऱ्यांच्या आयुष्याचा मोठा भाग असा परक्यांच्या जिन्यांत गेला होता. मुलीनं सातवीत असताना नवं यंत्र घेतलं आणि जुनं बापाच्या पिशवीत टाकलं, तेव्हापासून जिन्यात वेळ बरा जाऊ लागला. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला होती. यंत्र पिशवीतच राहिलं होतं.

खेळ साधा होता. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना तयार करायचं आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचं. प्रत्येक प्राण्याची एक जात: कुणी पाण्याचा, कुणी आगीचा, कुणी गवताचा. शहाणा माणूस सहा जातींचे सहा घेतो, म्हणजे एकाचं उणं दुसरा भरून काढतो. पण खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी जे सामने होत, त्यांचा नियम उलटा होता: सहाच्या सहा एकाच जातीचे हवेत. दुकानदारीणबाई त्याला 'एकजात संघ' म्हणत. आपल्या बोलण्यात एकजात म्हटलं की पुढे शिवीच यायची, एकजात चोर नाही तर एकजात आळशी. फवाऱ्यांना मात्र तो शब्द आवडला होता. त्यांचा संघ एकजात कीटकांचा होता.

"प्रायश्चित्त घेतोय," कचेरीतले लोक म्हणत.

"अरे, मला त्यांच्या खोडी माहीत आहेत म्हणून," फवारे म्हणत, आणि ते खरंच होतं. कीटक कुठल्याच लढाईत ताकदीवर जिंकत नाही, तो पुरून उरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांची ढालगज मार खात उभी राही. चिकटे समोरच्याच्या पायांत जाळं टाकून त्याला मंद करी. कातरी मागून येऊन काम तमाम करी. ही सगळी नावं मुलीनं ठेवलेली. आणि सर्वांच्या आधी मैदानात उतरे ती टोचणी, बोटभर अळी, पाठीवर टणक कवच. तिनं उतरायचं, समोर काटे पसरायचे, दोन दगड फेकायचे आणि मरायचं. एकजात संघाची गोम अशी, की एकाला जे लागतं ते सहाही जणांना लागतं. कीटकांना आग लागते. आगीवर दगड चालतो, आणि दगड फेकणारी साऱ्या संघात एकटी टोचणी होती.

फक्त तिला मोठं होऊ द्यायचं नव्हतं. मोठी झाली की तिला पंख फुटणार आणि ती ड्रॅगनांच्या जातीत जाणार. म्हणून दर थोड्या दिवसांनी ते यंत्र विचारी, होऊ द्यायची का मोठी? आणि फवारे न बघता अंगठ्यानं 'नको' दाबत. अकरा वर्षं दाबत आले होते.

आणि उद्या अंतिम सामना होता. चार वर्षांत पहिल्यांदा ते तिथवर पोचले होते. समोर बँकेतली ती चष्मेवाली होती, एकजात आगवाली. तिच्याकडून ते आधी तीनदा हरले होते. दुसरी टोचणी तयार करायची तर दीड महिना लागला असता.

कपडे घालून फवारे बाहेर आले आणि पाठीवरचा पंप पुढ्यात घेऊन फडक्यानं पुसू लागले. त्यांना राग आला की ते पंप पुसत. बायकोला ते ठाऊक होतं.

"फार बिघडलं का हो?" तिनं विचारलं.

"उद्या ती चालणार नाही. ती आता कीटक नाही."

मटार संपले, तरी बायको रिकाम्या सालींत हात घालून बसली.

"तुम्ही नेहमी नकोच दाबता," ती म्हणाली. "मी पाहिलंय. बघतसुद्धा नाही तिच्याकडे. मला वाटलं, एकदा तरी कुणी हो म्हणावं."

फवाऱ्यांचा हात थांबला. ती टोचणीबद्दल बोलत नव्हती, हे त्यांना कळलं.

कंपनीनं त्यांना तीनदा दुसऱ्या गावी शाखाप्रमुख म्हणून जा म्हटलं होतं. पहिल्यांदा मुलीची शाळा होती. दुसऱ्यांदा आईचे गुडघे. तिसऱ्यांदा, सात वर्षांपूर्वी, आई राहिली नव्हती आणि मुलगी शिकायला बाहेर गेली होती. काही कारणच उरलं नव्हतं. तेव्हा फवारे म्हणाले, आपलं इथं बरं आहे. त्या वेळी बायकोनं तिथल्या शाखाप्रमुखाच्या बायकोला फोन करून घराच्या खिडक्यांची मापं मागवली होती, निळ्या पट्ट्यांचं कापड आणलं होतं आणि पडदे शिवूनही टाकले होते. उंच खिडक्या होत्या त्या घराला. पडदे तेव्हापासून घडी घालून शिलाई मशीनवर होते. त्यावरून ती एक शब्दही कधी बोलली नव्हती, आणि बोलली नाही म्हणजे विसरली, असं फवारे सोयीनं धरून चालले होते. आता त्यांना त्याची लाज वाटली. पण लाज वाटली तर काय करायचं ते माहीत नसल्यामुळे त्यांनी पंप पुसून संपवला.

रविवारी दुकानदारीणबाईंनी यंत्र पाहून मान हलवली. "काका, टोचणी बाद. पाच जणांवर खेळावं लागेल."

"खेळतो."

चष्मेवाली समोर बसली होती. तिनं विचारलं, "काका, मीही एक कमी करू का? पाचास पाच होऊ देत."

"नको, सहाही आण," फवारे म्हणाले. "हरलो तर सहांशी हरलो म्हणेन."

ढालगजनं दोघांना लोळवलं, म्हणजे ती लोळेपर्यंत. चिकटेचं जाळं आगीत भस्म झालं. बाकीच्या दोघांनी मिळून तिसरा कसाबसा घेतला आणि तेही गेले. चौथा आणि पाचवा प्राणी कातरीनं घेतला, आणि माडीवरच्या पाचपंचवीस माणसांनी खुर्च्या पुढे ओढल्या. शेवटी तिच्याकडे एक उरला आणि यांच्याकडे कातरी. त्या एकावर दोन दगड पडलेले असते तर गोष्ट वेगळी होती. ते पडलेले नव्हते. कातरी जळाली.

चष्मेवालीनं उठून हात पुढे केला. "तुमची ती अळी असती ना, तर मी गेले होते."

"असती तर," फवारे म्हणाले आणि हसले. वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. जिन्यानं खाली येताना चार वर्षं आठवत होती.

घरी आले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. बायको दारातच उभी होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं निकाल विचारला नाही.

"परत लहान होते का हो ती?" तिनं विचारलं. "काही करून?"

"नाही होत."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिलाच ते कसंसं वाटलं असावं. "म्हणजे, तुमचं नुकसान झालं ते आहेच."

फवाऱ्यांनी खुर्चीवर बसून यंत्र उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. त्यांनी स्वतःही तिला अजून धड पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून पाहिली. पंख हिरवे होते, कडेला पिवळे. अंग मोठं झालं होतं, पण डोळे तेच.

"आता हिला कुठं घेणार?"

"त्या संघात नाही. बघू."

मग ते उठले आणि मशीनवरची घडी उचलून त्यांनी स्टूल खिडकीशी ओढलं.

"अहो, ते लांब होतील आपल्याला," बायको म्हणाली. "त्या घराच्या मापाचे आहेत."

"माहीत आहे."

"कापावे लागतील."

"कापू नकोस," फवारे म्हणाले.

तिनं खालून कड्या एकेक करून वर दिल्या. पडदे लागले. निळे पट्टे खिडकीवरून खाली आले, भिंतीवरून आले, आणि हातभर कापड जमिनीवर पडून राहिलं.

सोमवारी फवारे कामावर गेल्यावर तिनं केर काढला. खिडकीशी आली, तेव्हा पडद्याचा काठ एका हातानं उचलून धरला, खालून झाडून घेतलं आणि काठ हलकेच खाली सोडला.