फोन ठेवल्याचा ठोका

चिझुरूचे वडील एइकिची स्टुडिओत आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन. टोकियोच्या कोएंजी भागातलं आपलं केस कापायचं दुकान त्यांनी भर रविवारी बंद ठेवलं होतं, म्हणजे काम तसंच असणार.

"तुझ्याकडे आईचा आवाज आहे ना गं?" बूट काढता काढताच त्यांनी विचारलं. "फोटो ढीगभर आहेत, आवाज नाही. एकदा ऐकव. 'जेवलीस का? घरी ये.' एवढंच."

चिझुरू आणि हारुओमीच्या बँडचं नाव झालं ते आईच्याच आवाजावर. चिझुरूच्या आन्सरिंग मशीनच्या कॅसेटवर आई निरोप ठेवायची. चिझुरू ते शब्द सॅम्पलर नावाच्या यंत्रात घालून कांद्यासारखे बारीक चिरायची आणि सुरांत लावायची. आई वसंतात गेली; तिचं "जे" आणि तिचं "ये" अजून टोकियोतल्या दुकानादुकानांत वाजत होतं. मूळ कॅसेटवर मात्र चिझुरूने कधीच रेल्वे फाटकाची घंटा रेकॉर्ड करून आईचे निरोप पुसले होते. तेव्हा वाटलं, आई काय, उद्या पुन्हा फोन करेलच की!

"काका, बसा. जोडून देतो," हारुओमी म्हणाला.

दोघांनी तुकड्याला तुकडा लावला. वडील गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. शेवटी वाक्य वाजलं.

"छान झालंय हं," ते म्हणाले. "पण यात तुझी आई धाप कुठे टाकतेय?"

आईला दमा होता. 'जेवलीस का' म्हटलं की श्वास घेऊन मगच पुढचं बोलायची. तो श्वास तालात बसेना, म्हणून चिझुरूने सगळ्यात आधी तोच उडवला होता.

"बाबा, तो आता नाही हो माझ्याकडे."

"राहू दे. तुमचं ते गाणंच लाव."

गाणं सुरू झालं आणि वडिलांनी एकदम बोट वर केलं. "हा ठोका! ही तीच."

"काका, तो ड्रम आहे."

"ड्रम असेल तुझ्या घरी. ती फोन ठेवतेय. जन्मभर ऐकलंय मी. बोलून झालं तरी कानाला धरून उभी. मी म्हणायचो, अगं ठेव, मशीन आहे ते. तर म्हणायची, थांबा हो, पोरगी आत्ता दारात असेल, धावत येऊन उचलेल. मग ठेवायची. अशी, हळूच."

चिझुरू कधीच दारात नसायची. ती मशीनशेजारीच बसलेली असायची, चहाचा कप धरून, अगदी गप्प. फोन उचलला असता तर रेकॉर्डिंग वाया गेलं असतं.

"तू तेव्हा बाहेर असायचीस ना गं कामाला?" वडिलांनी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

हारुओमीने गाणं थांबवायला बटणाकडे हात नेला. वडिलांनी मानेनेच नको म्हटलं. गाणं संपेपर्यंत आई फोन ठेवत राहिली.