कॉम्प्युटरची इर्जिक

कॉम्प्युटर एका जागी आणायची काही गरज नाही, हे मी हौसरावआप्पांना सांगून सांगून थकलो होतो. ज्याचा त्याच्या घरी चालू राहिला आणि नेट असलं की काम होतं. पण आप्पा पडले पाटसचे, त्यात हयात गेलेली कारखान्याच्या राजकारणात. समोरच्याचं ऐकून घ्यायची सवयच नाही.

"म्हेंदर," ते मला म्हणाले, "इर्जिकीत बैलं ज्याच्या त्याच्या गोठ्यात बांधून नांगरट हुती व्हय?"

शिरूरला स्टँडच्या मागं माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. दिवसभर पोरांवर खेकसायचं हाच माझा धंदा, आणि तोंडाचा मी फटकळ आहे हे सगळा तालुका जाणतो. तरीपण आप्पांपुढं मी नमतं घ्यायचो. कारण त्यांची लेक तेजश्री, म्हणजे माझ्या मित्राची, सत्यजीतची बायको, डोळ्यांदेखत चालली होती.

तेजश्रीवहिनी निमोण्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आधी फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू निसटायला लागला. मग जिना चढवेना. मग जीभ जड झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि औषध नाही. डोकं शाबूत राहतं, हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला तर तीच सगळ्यात मोठी शिक्षा वाटली.

सत्यजीत कंपनीतून आला की नेटवर त्या आजाराचं वाचत बसायचा. त्यातून त्याला परदेशातल्या एका विद्यापीठाचा प्रकल्प सापडला. शरीरातली प्रथिनं कशी दुमडतात, कुठं बिघडतात, याचं अवाढव्य गणित त्यांना सोडवायचं होतं. त्या गणिताचे बारीक तुकडे करून ते जगभरातल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर पाठवत. आपलं मशीन रिकामं असताना तुकडा सोडवून परत धाडायचं. फुकट, स्वखुशीनं. कुणी किती काम केलं त्यावरून संघांचे क्रमांक लागत. आम्ही संघाला सत्यजीतच्या गावाचंच नाव दिलं, 'निमोणे'. संघात त्याचा लॅपटॉप आणि माझ्या क्लासची मशिनं. क्रमांक शोधायला यादीच्या तळापर्यंत जावं लागायचं.

आप्पा लेकीकडं मुक्कामाला आले आणि तो लॅपटॉप त्यांनी बघितला. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती.

"ह्यानं औषध निघतं?"

"निघायला मदत होते," सत्यजीत म्हणाला.

"आन् तुझं ह्ये येकट्याचं औत? अशानं रान कवा व्हायचं? इर्जिक घाला की!"

इर्जिक आता कुणी घालत नाही. पूर्वी एखाद्याचं रान त्याच्या एकट्यानं उरकणार नसलं की गाव आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या रानात उतरायचं. दिवस मावळायच्या आत सगळं नांगरून द्यायचं, त्याच्याकडं पोटभर जेवायचं आणि बैल घेऊन घरी. मजुरी नाही की उपकार नाही. ट्रॅक्टर आले आणि ते सगळं मोडलं. आप्पांनी ते पुन्हा उभं केलं, तेही कॉम्प्युटरचं.

ते दौंडपासून शिरूरपर्यंत फिरले. पतसंस्थेच्या माळ्यावरची जुनी मशिनं आणली, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा तगडा कॉम्प्युटर आणला, सोयऱ्याधायऱ्यांच्या पोरांचे लॅपटॉप आणले. "लेकीसाठी पाहिजे" एवढंच सांगायचे. त्यावर कोण नाही म्हणेल? न्हावऱ्यामार्गे टेंपो आला तेव्हा त्यात गोधड्यांमध्ये गुंडाळलेले कॉम्प्युटर होते आणि आप्पा स्वतः मागं बसून एकाला धरून होते. नात्यातलं आजारी माणूस दवाखान्यात न्यावं तसं.

सत्यजीतची कांदाचाळ रिकामी होती. दोन्ही बाजूंनी वारा खेळता, मशिनांना गारवा बरा. माझ्या क्लासचीही मशिनं आणून, तिथं फळ्या टाकून आम्ही सगळं जोडलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा फ्यूज उडाला आणि मी वायरमनवर, वायरमन आप्पांवर ओरडला. दुसऱ्यांदा मात्र चाळभर पंख्यांची घरघर सुरू झाली. बाहेर पुरणपोळीचा घाट घातला होता. वहिनींची चाकांची खुर्ची लिंबाखाली आणून ठेवली होती.

त्यांचं बोलणं एव्हाना कुणालाच कळत नव्हतं. सत्यजीतलासुद्धा नाही. नुसते लांबट, ओले आवाज यायचे. कळायचं फक्त आप्पांना. "ही दोन वर्साची आसताना आसंच बोलायची," ते म्हणायचे. त्या बोलायच्या तसा आप्पा एकेक शब्द आपल्या बोलीत मोठ्यानं म्हणत जायचे, आणि मग वाक्य पुरं झालं की सगळ्यांना कळायचं. आधी शब्द, मागून अर्थ, अशी त्यांची रीतच पडली होती.

"म्हंती... समद्यान्ला... पोटभर... वाढा," आप्पांनी सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

संघाचा क्रमांक भराभर वर चढत होता. सत्यजीतच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांनी हसू बघितलं. आणि जेवणं चालू असतानाच चाळीतून आप्पांची हाक आली. शूटिंगवाल्याच्या तगड्या मशीनवर निळी पट्टी पार टोकाला भिडली होती. शंभर टक्के.

मी हात धुऊन पोहोचेपर्यंत त्यांनी नारळ फोडला होता.

"झालं रं! रान झालं!" आप्पा लेकीकडं धावले. त्या वयात, खरंच धावले. तिच्या मांडीवर खोबऱ्याचा तुकडा ठेवून म्हणाले, "झालं ग माझे बाय. आता औषध यिईल."

इकडं मी पडद्यापुढं उभा होतो. पट्टी पुसली गेली होती आणि नवा तुकडा शून्यापासून सुरू झाला होता. असे किती तुकडे उरलेत, ते खुद्द त्या शास्त्रज्ञांनाही माहीत नसावं. सगळे सुटले तरी पुढं प्रयोग, मग प्राण्यांवर, मग माणसांवर. वर्षं. आणि वहिनींना डॉक्टरांनी पुढचा उन्हाळासुद्धा कबूल केला नव्हता.

लोक जेवले आणि इर्जिकीला शोभेल असं वागले. काम उरकलं म्हणून आपापली मशिनं सोडायला लागले. कुणी वायर गुंडाळतोय, कुणी गोधडी शोधतोय. मला ओरडून सांगायचं होतं, अरे थांबा, आत्ता कुठं सुरुवात झालीय! पण तसं सांगायचं तर लिंबाखाली बसलेल्या त्या दोघांसमोर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी सत्यजीतकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि शूटिंगवाल्याला कॉम्प्युटर उचलू लागला. माझा असा संताप झाला, आणि तो काढायला जगात एकही माणूस नव्हता.

टेंपो गेला. चाळीत माझीच मशिनं उरली.

त्यानंतर आप्पा फाट्यावर जाऊन बसायला लागले. कुरिअरची गाडी दिसली की उठायचे. मी निमोण्याला गेलो की पहिला प्रश्न, "म्हेंदर, निघालं का रं तिकडनं?" मी म्हणायचो, "बघतो, आप्पा." सत्यजीत म्हणायचा, "येईल." सगळ्या घरानं मिळून एक खोटं पाळलं होतं, आणि वहिनी खुर्चीतून ते बघत होत्या. डोकं शाबूत होतं ना त्यांचं.

परवा मी गेलो तेव्हा आप्पा त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग बोलायला लागल्या. फार कष्टानं, थांबत थांबत. आप्पांनी सवयीनं चमचा वाटीत ठेवला आणि शब्द मोठ्यानं म्हणायला लागले.

"मला... ठावं हाय..." आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले. "आप्पा..." ते हसले. "मला हाक मारती. औषध..." मान डोलावली. "माझ्यापतुर..."

तिथं ते थांबले.

वहिनींनी पुढचा शब्द पुन्हा उच्चारला. आप्पांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. वहिनींनी तिसऱ्यांदा म्हटला तो शब्द, सगळा जीव एकवटून, आणि मला, ज्याला त्यांचं एक अक्षर कधी कळलं नव्हतं, तो स्वच्छ कळला. न्हाई.

आप्पांनी लेकीच्याच पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसलं. चमचा हातात घेतला. पेज ढवळत राहिले.

"म्हेंदर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज ती काय म्हंती त्ये मला समजंना झालंय बघ. तुला कळलं का?"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. सांगा, असं ते डोळे म्हणत होते.

"नाही, आप्पा," मी म्हणालो. "मलाही नाही कळलं."