आतली कडी

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला डिझाइन शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की इमारत वगैरे नंतर. आधी ओळखीतलं एक माणूस निवडा, त्याचं अंग मोजा, त्याचा दिवस बघा आणि त्याच्यासाठी एक खोली करा. हात कुठवर पोहोचतो, नजर कुठवर जाते, खोली तिथून सुरू होते. वर्गातल्या बहुतेकांनी आजी नाहीतर मित्र निवडला. धाकटीने दादाला निवडलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका जुन्या इमारतीत काम करताना तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि कंबरेखालचं अंग कायमचं गेलं. आता आतल्या खोलीतला पलंग हेच त्याचं जग. वडील आधीच गेलेले. कूस बदलणं, अंग पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, सगळं आई एकटी करायची, कुणाला हात लावू न देता.

धाकटी टेप घेऊन पलंगापाशी बसली. खांद्यापासून बोटांपर्यंत, उशीपासून डोळ्यांपर्यंत, एकेक माप घेऊन लिहू लागली. दादा निमूटपणे हात वर करायचा, खाली करायचा. ती डोक्यापासून पायापर्यंत टेप लावायला लागली तेव्हा तो म्हणाला, "उंची नको लिहूस. माझी आता लांबी झालीय." ती हसली, आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेली.

मोजताना तिला बरंच काही कळलं. पाण्याचा तांब्या त्याच्या हातापासून वीतभर लांब होता. पडल्या पडल्या त्याला पंखा, ट्यूबलाइट आणि कपाटाचा माथा एवढंच दिसत होतं. खिडकीतून दिसायचं ते नुसतं आभाळ, तेही चतकोर. तिने मन लावून नकाशा काढला. खिडकी खाली आणली, पलंग तिच्याकडे वळवला, उशाशी हाताला येतील असे कप्पे केले. बाईंनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "त्याला काय हवंय, हे विचारलंस का?"

तिने विचारलंच नव्हतं. मोजण्याच्या नादात राहून गेलं होतं.

संध्याकाळी तिने विचारलं. दादा म्हणाला, "खिडकी आहे तशी राहू दे. दाराला आतून कडी कर. माझ्या हाताला येईल अशी."

त्या दाराला पूर्वी कडी होती. अपघातानंतर सुरुवातीला, पाठीला जखमा होण्याआधी, दादा चाकांच्या खुर्चीत बसू शकत होता, तेव्हा एका दुपारी त्याने ती आतून लावून घेतली होती, आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणूनच तो वाचला होता. तो हॉस्पिटलमधून परत यायच्या आत आईने भाजीच्या सुरीने स्क्रू उचकटून कडी काढली आणि दार सताड उघडं ठेवलं. त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"आई अंग पुसते तेव्हाही दार उघडंच असतं," दादा म्हणाला. "शेजारीण येते आणि उंबऱ्यातून माझी चौकशी करते. रडायचं झालं तरी मी आधी आई कुठे आहे त्याचा कानोसा घेतो."

आईला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. हात न थांबवता तिने सांगून टाकलं की तिच्या जिवात जीव आहे तोवर ते दार आतून बंद होणार नाही.

धाकटीने मग साप मरेल आणि काठीही मोडणार नाही अशी युक्ती काढली. बाथरूमच्या दारांसाठी एक कडी मिळते. आतून फिरवली की लागते, पण बाहेरच्या बाजूला एक खाच असते, तीत नाणं घालून फिरवलं की उघडते. तिने ती आणली, दाराच्या खालच्या अंगाला स्वतःच्या हाताने बसवली, पलंग दाराच्या कडेला, हात पोहोचेल असा सरकवला. खाच रंगाखाली जवळपास दिसेनाशी केली. आईला सगळं समजावलं. दादाला फक्त कडी दाखवली. त्याने ती दोनदा लावली, उघडली, तिच्या खालून बोट फिरवलं आणि "छान चालते" एवढंच म्हणाला.

कॉलेजात तिच्या मॉडेलचं कौतुक झालं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले की एकांत आणि काळजी दोन्ही एकाच दारात बसवायची समज भल्याभल्यांना नसते. मॉडेल काचेच्या कपाटात ठेवलं गेलं. बाईंनी तेवढं विचारलं की भावाला बाहेरची खाच माहीत आहे का. त्याला कळायची गरज नाही, असं धाकटीने सांगितलं. बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या.

पुढच्याच आठवड्यात आईने दुपारी दार वाजवलं. आतून ओ आली नाही. पुन्हा वाजवलं, हाका मारल्या. मग तिने कमरेची नाण्यांची पिशवी काढली आणि खाचेत नाणं फिरवून दार उघडलं. दादा पांघरूण बाजूला करून आपल्या पायांकडे बघत पडला होता. त्याने आईकडे पाहिलं आणि पांघरूण ओढून घेतलं, बस.

धाकटी घरी आली तेव्हा आई रिकाम्या शेगडीपुढे उभी होती. दादाने धाकटीला आत बोलावलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "लिफ्टच्या दारालाही अशीच सोय असते. आतला माणूस अडकला तर बाहेरून किल्ली घालून उघडायची. आयुष्यभर तीच दारं उघडली मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही वापरता का, ते बघत होतो. आज मुद्दामच ओ दिली नाही." मग तो म्हणाला, "कडी असेल तर खरी असू दे. नाहीतर काढून टाक. ही थट्टा नको."

पुन्हा तसं काही करणार नाही, असं वचन तिने त्याच्याकडे मागितलं. त्याने दिलं नाही. वचन देऊन लावलेली कडीसुद्धा बाहेरूनच उघडते, असं तो म्हणाला.

धाकटी दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून साधी लोखंडी कडी आणली. आई दारात आडवी उभी राहिली. "त्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली. धाकटीने आईला हळूच बाजूला केलं आणि गुडघ्यांवर बसून जुने स्क्रू काढायला घेतले. स्क्रूड्रायव्हर सारखा निसटत होता. पलंगावरून दादा बघत होता. मदत म्हणून त्याने एवढंच सांगितलं की कोपऱ्यातला स्क्रू आधी सैल कर.

आता रोज दुपारी दादा कडी लावतो. कधी थोडा वेळ, कधी बराच. आत काय चालतं ते त्याने सांगितलेलं नाही, कोणी विचारलेलंही नाही. आई दाराबाहेर पाटावर भाजी निवडत बसते. भाजी संपली तरी बसून राहते. धाकटीशी ती बोलत नाही. ताट वाढते, कपडे घडी करून ठेवते, पण नजर वर करत नाही.

वर्गात दुसरा अभ्यास सुरू झाला आहे, बसथांब्यावरची शेड. दुपार झाली की धाकटीचं चित्त उडतं. ती रेघ मारते, खोडते, पुन्हा तीच रेघ मारते, कागद मळून जातो. कुणाचाही फोन वाजला तरी ती आधी आपला बघते. मग केव्हातरी तिचा फोन वाजतो. पलीकडे आई असते.

"उघडलं," आई म्हणते आणि फोन ठेवून देते.